सुधारणा झाली, पण कशामुळे? : गोव्याच्या शिक्षण संचालकांस खुले पत्र

प्रति,
माननीय संचालक,
शिक्षण खाते, गोवा राज्य,
पर्वरी.



मुलांच्या मनःस्वास्थ्यासाठी, वाचनासाठी, एकाग्रतेसाठी शाळांत दरवर्षी काही ना काही नवे सुरू होते. कुठे समुपदेशक येतात, कुठे जीवनकौशल्यांचे तास भरतात, कुठे परीक्षेच्या ताणावर शिबिर होते. वर्षाअखेर अहवाल तयार होतो आणि त्याची रीत ठरलेली असते: उपक्रमाआधी मुलांच्या चिंतेचे सरासरी गुण इतके होते, उपक्रमानंतर ते इतके उतरले, सबब उपक्रम यशस्वी. पदव्युत्तर प्रबंधांतही हाच साचा वारंवार दिसतो. असा निष्कर्ष आकड्यांवर उभा आहे असे वाटते, पण त्या आकड्यांतून तो निघत नाही. तो काढायचा असेल तर मोजणीची रचना वेगळी हवी, आणि ती रचना उपक्रम सुरू होण्याआधीच ठरवावी लागते. मानसशास्त्रात या रचनेला मिश्र रचना म्हणतात आणि तिच्या आकडेमोडीला मिश्र-रचना प्रचरण विश्लेषण, बोलीत ‘मिक्स्ड अ‍ॅनोव्हा’. पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांतील शाळांपासून खात्याने ही शिस्त लागू करावी, एवढ्याचसाठी हे पत्र आहे. विषय तांत्रिक असला तरी निर्णय प्रशासकीय आहे, म्हणून तो विद्यापीठाच्या दारात न नेता आपल्यापुढे ठेवतो आहे.

आधी-नंतरच्या तुलनेत नेमके काय चुकते ते पाहू. एखाद्या शाळेतील आठवीच्या मुलांची प्रश्नावली घटक चाचणीच्या तोंडावर भरून घेतली आणि पुन्हा चवथीच्या सुट्टीनंतर भरून घेतली, तर गुण उतरतील. ते समुपदेशनाने उतरले की परीक्षा सरल्याने, हे त्या दोन आकड्यांवरून कुणालाही सांगता येणार नाही. मधल्या काळात मुले काही महिन्यांनी मोठी झालेली असतात. प्रश्नावली त्यांच्या ओळखीची झालेली असते आणि बाईंना कोणते उत्तर आवडेल याचा अंदाजही त्यांना आलेला असतो. त्यात भर म्हणजे अशा उपक्रमांसाठी बहुधा सर्वांत त्रस्त मुलेच निवडली जातात. ज्या दिवशी गुण सर्वांत वाईट होते त्या दिवसावरून मूल निवडले, तर पुढच्या मोजणीत ते सरासरीकडे सरकण्याचीच शक्यता अधिक असते, मग त्याला कुणी समुपदेशन देवो अथवा न देवो. डोनाल्ड कॅम्पबेल आणि ज्युलियन स्टॅनली यांनी १९६३ मध्येच या सगळ्या वाटा नावानिशी मांडून ठेवल्या आहेत: मधल्या काळातील घडामोडी, वाढते वय, चाचणीची सवय, सरासरीकडे परतणे. यांतली प्रत्येक वाट ‘सुधारणा’ दाखवते आणि एकीचाही उपक्रमाशी संबंध नसतो.

हे सारे पुस्तकी वाटत असेल तर गोव्याचाच पुरावा घ्यावा. १९९६ मध्ये गोव्यात स्थापन झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेने डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढाकाराने राज्यातील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक चाचणी केली. तीव्र नैराश्याने ग्रासलेल्या ४९५ प्रौढांपैकी निम्म्यांना नेहमीचे, किंचित सुधारलेले उपचार मिळाले. उरलेल्या निम्म्यांना त्याच्या जोडीला प्रशिक्षित पण डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांकडून सहा ते आठ बैठकांचे समुपदेशन मिळाले. कुणाला काय मिळावे हे सोडतीने ठरले होते. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीन महिन्यांनंतर समुपदेशन घेतलेल्यांपैकी ६४ टक्के लोक नैराश्याच्या ठरलेल्या सीमेखाली आले होते. फक्त हाच गट पाहिला असता तर अहवालात ६४ टक्के यश लिहिले गेले असते. पण समुपदेशन न मिळालेल्या गटातही ३९ टक्के लोक सीमेखाली आले होते. म्हणजे समुपदेशनाच्या खात्यावर जमा करता येतील असे टक्केबिंदू ६४ नाहीत, २५ आहेत. हे २५ सुद्धा फार मोलाचे आहेत आणि जगभर त्यांची दखल घेतली गेली, ती ३९ हा आकडा शेजारी ठेवण्याची शिस्त पाळल्यामुळेच. तो नसता तर ६४ हा आकडा जाहिरातीच्या कामाचा उरला असता.

त्याच संस्थेची याआधीची, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेली ‘मानस’ चाचणी आपल्या विषयाच्या आणखी जवळ जाते. गोव्यातील १२ सरकारी आणि १२ खासगी दवाखाने तिच्यात होते आणि २,७९६ रुग्ण. सहा महिन्यांनी सरकारी केंद्रांत समुपदेशकांची जोड मिळालेल्या रुग्णांपैकी ६५.९ टक्के बरे झाले होते, जोड न मिळालेल्यांपैकी ४२.५ टक्के. खासगी दवाखान्यांत मात्र जोड मिळालेले ६४.१ टक्के आणि न मिळालेले ६५.९ टक्के, म्हणजे फरक नाहीच. आता समजा, खासगी दवाखान्यांतला फक्त उपक्रमाचा गट कुणी पाहिला असता. शंभरातील ६४ माणसे बरी झाली, यापेक्षा मोठे यश कोणते, असे म्हणून योजना सगळीकडे लागू झाली असती आणि पैसा जिथे उपयोग नाही तिथेही गेला असता. उपक्रमाचा परिणाम ठिकाणानुसार बदलतो, हे या चार आकड्यांनी दाखवले. एका घटकाचा परिणाम दुसऱ्या घटकाच्या पातळीवर अवलंबून असणे यालाच संख्याशास्त्रात आंतरक्रिया म्हणतात, आणि माझा सगळा युक्तिवाद या एका कल्पनेभोवती आहे. या दोन्ही चाचण्यांत मिक्स्ड अ‍ॅनोव्हापेक्षा वेगळी, द्विपर्यायी निकाल आणि दवाखान्यांचे समूह लक्षात घेणारी प्रारूपे वापरली होती. तर्क मात्र तोच आहे: एका गटात काय बदलले हा अर्धा प्रश्न असतो, दुसऱ्या गटापेक्षा किती वेगळे बदलले हा पूर्ण प्रश्न.

मिश्र रचनेचा जन्म शेतात झाला. इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथे १९१९ पासून काम करताना रोनाल्ड फिशर यांनी प्रचरण विश्लेषणाची पद्धत बसवली. मोठ्या वाफ्याला नांगरणीची एक पद्धत आणि त्याच वाफ्याच्या तुकड्यांना वेगवेगळी खते, अशा प्रयोगांत वाफ्या-वाफ्यांमधला फरक आणि एकाच वाफ्याच्या आतला फरक यांचा हिशेब स्वतंत्र ठेवावा लागतो. हा हिशेब भारतीय कृषी महाविद्यालयांत रुजवला तो सातारा जिल्ह्यातील बुधचे पां. वा. सुखात्मे आणि वि. गो. पानसे यांच्या १९५४ च्या पुस्तकाने, जे भारतीय कृषी संशोधन परिषदेने प्रसिद्ध केले. त्याच सुमारास, १९५३ मध्ये, अमेरिकेत ई. एफ. लिंडक्विस्ट यांनी हीच रचना मानसशास्त्र आणि शिक्षणशास्त्रासाठी मांडली. इथे वाफ्याच्या जागी माणूस येतो आणि तुकड्यांच्या जागी त्याच माणसाच्या वेगवेगळ्या वेळच्या मोजण्या. काही मुले मुळातच काळजीखोर असतात, काही निर्धास्त. मुला-मुलांमधला हा फरक एका बाजूला काढला जातो आणि एकाच मुलाच्या आधीच्या व नंतरच्या गुणांतला चढउतार दुसऱ्या बाजूला. गटागटांतील सरासरी फरक पहिल्या मापाने जोखायचा, काळानुसारचा बदल आणि गट-काळ आंतरक्रिया दुसऱ्या मापाने. मूल स्वतःशीच ताडले जात असल्यामुळे या दुसऱ्या मापात गोंगाट कमी असतो आणि तेवढ्याच मुलांत बारीक परिणामही पकडता येतो.

कोष्टक वाचण्यात मात्र हमखास घोळ होतो, म्हणून एक कल्पित उदाहरण देतो. समजा, समुपदेशन मिळालेल्या शाळांत चिंतेचे सरासरी गुण २४ वरून १७ वर आले आणि न मिळालेल्या शाळांत २३ वरून १९ वर. संगणक तीन ओळी छापून देईल. ‘काळ’ या ओळीत दोन्ही गट मिळून साडेपाच गुणांची घट दिसेल आणि ती ठळक असेल. ती पाहून उपक्रम जिंकला असे लिहिणे चूक, कारण त्या घटीत उपक्रम न मिळालेल्या मुलांचाही वाटा आहे. ‘गट’ या ओळीत पहिल्या गटाची दोन्ही वेळांची सरासरी साडेवीस आणि दुसऱ्याची एकवीस, म्हणजे फरक जेमतेम अर्ध्या गुणाचा. तो पाहून उपक्रम फसला असे लिहिणेही तेवढेच चूक, कारण त्या सरासरीत उपक्रमाआधीचे गुण मिसळले आहेत. खरे उत्तर तिसऱ्या ओळीत, आंतरक्रियेत असते: एका गटात सात गुणांची घट, दुसऱ्यात चार, म्हणून उपक्रमाचा वाटा तीन गुणांचा. मोजणी दोनच वेळा असेल तर प्रत्येक मुलाच्या दोन गुणांतील फरक काढून त्या फरकांची दोन गटांत साधी टी-चाचणी केली तरी हेच उत्तर मिळते. तिच्या टी-मूल्याचा वर्ग म्हणजेच आंतरक्रियेचे एफ-गुणोत्तर. एवढे काम कुठल्याही शाळेतील गणिताचे शिक्षक तक्ता मांडून करू शकतील. याहून सूक्ष्म चूक म्हणजे दोन्ही गटांची आधी-नंतर चाचणी वेगवेगळी घेणे आणि एकीत फरक ‘सिद्ध’ झाला, दुसरीत झाला नाही, एवढ्यावर दोन गट वेगळे ठरवणे. सान्डर नीवेनहाइस आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मेंदूविज्ञानाच्या पाच नामांकित नियतकालिकांतील ५१३ लेख तपासले. ज्या लेखांत ही तुलना होती त्यांपैकी ७८ लेखांत ती बरोबर केलेली होती आणि ७९ लेखांत हीच चूक होती. जगातील नावाजलेले संशोधक निम्म्या वेळा घसरतात तिथे आपले अहवाल आपोआप बरोबर येतील असे मानण्याचे कारण नाही.

ही रचना किती ताकदीची ठरू शकते याचे उत्तम उदाहरण पेडण्याशी थेट नाते सांगते. १९९२ च्या मे महिन्यात जर्मनीतील म्युनिक शहराचा जुना विमानतळ बंद झाला आणि शहरापासून दूर नवा सुरू झाला. स्टाफान हुगे, गॅरी एव्हान्स आणि मोनिका बुलिंगर या संशोधकांनी दोन्ही विमानतळांजवळची आणि त्यांच्याशी सामाजिक परिस्थितीने मिळतीजुळती पण गोंगाटापासून दूर असलेली, अशी ३२६ मुले निवडली. बदलाच्या आधी एकदा आणि नंतर दोनदा त्यांच्या स्मरणशक्तीच्या व वाचनाच्या चाचण्या घेतल्या. नव्या विमानतळाजवळच्या मुलांचे वाचन आणि दीर्घकालीन स्मरण घसरले, जुन्याजवळच्या मुलांचे सुधारले. गट आणि काळ यांची ही आंतरक्रिया दोन उलट दिशांनी दिसल्यामुळे ‘मुले मुळातच तशी असतील’ हा आक्षेप उरला नाही. आपल्याकडे मोपाच्या पठारावरील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून प्रवासी विमाने सुरू झाली. तारीख बरीच आधी ठाऊक होती, गावे ठाऊक होती, शाळा ठाऊक होत्या. त्या जानेवारीपूर्वी जे मोजले गेले नाही ते आता कोणत्याही संगणकाला मोजता येणार नाही. आज वारखंड-नागझरच्या मुलांची मांद्रे-हरमलच्या मुलांशी तुलना केली आणि फरक दिसला, तर तो विमानांचा की पठार आणि किनारपट्टी यांच्या जगण्यातल्या जुन्या फरकाचा, हे कळायला वाट नाही. विश्लेषण मागाहून सुधारता येते, पहिली मोजणी मागाहून घेता येत नाही.

डिचोलीतही हाच धडा लागू पडतो. २०१२ मध्ये थांबलेल्या आणि मधल्या काळात काही वर्षे सुरू होऊन २०१८ मध्ये पुन्हा बंद पडलेल्या खाणींपैकी डिचोलीचा खनिज ब्लॉक डिसेंबर २०२२ मध्ये लिलावात गेला. खाणी बंद झाल्या की घरातले उत्पन्न आटते, सुरू झाल्या की रस्त्यांवर ट्रक आणि धूळ येते. दोन्हींचा मुलांच्या शाळेतील हजेरीवर, झोपेवर, लक्षावर काही परिणाम होत असणारच, आणि तो एकाच दिशेचा असेल असे नाही. म्हणूनच एक धोका आधीच सांगून ठेवतो. उपक्रम पेडणे तालुक्यात राबवायचा आणि डिचोली तालुका तुलनेसाठी ठेवायचा, ही कल्पना प्रशासनाला सोयीची वाटेल, पण ती कामाची नाही. एका तालुक्यात विमानतळ आणि किनारी पर्यटन, दुसऱ्यात खाणी, उद्योग आणि साखळी-डिचोलीची बाजारपेठ. मे २०२५ मध्ये शिरगावच्या लईराईच्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन भाविकांचे जीव गेले. अशी घटना दोन मोजण्यांच्या मध्ये आली तर डिचोलीच्या मुलांच्या चिंतेचे गुण वाढतील आणि पेडण्यातला उपक्रम काही न करताच यशस्वी ठरेल. यावरचा उपाय सोपा आहे. दोन्ही तालुक्यांतील शाळांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकाव्यात आणि प्रत्येक तालुक्यातील निम्म्या शाळांना उपक्रम द्यावा. मग जत्रा असो, ट्रक असो वा विमान, त्याचा भार दोन्ही गटांवर सारखा पडेल. तालुका हा विश्लेषणात तिसरा घटक म्हणून येईल, आणि ‘मानस’ चाचणीत सरकारी-खासगी फरक दिसला तसा उपक्रम पेडण्यात चालतो आणि डिचोलीत नाही, असे काही असेल तर तेही दिसेल. शेजारच्या महाराष्ट्रातील दोडामार्ग किंवा सावंतवाडीच्या शाळा तुलनेला घेण्याचा मोह मात्र टाळावा, कारण तिथे मंडळ, पाठ्यक्रम आणि वेळापत्रक सगळेच वेगळे आहे.

यावर पहिला आक्षेप नैतिक असेल. चांगला उपक्रम निम्म्या मुलांना नाकारायचा का? आक्षेप गंभीर आहे, पण त्याने गृहीत धरले आहे की उपक्रम चांगला आहे हे आधीच माहीत आहे. तसे असेल तर मोजमापाची गरजच नाही. माहीत नसेल, तर न तपासता सगळ्यांना देणे हे मुलांचा वेळ आणि लोकांचा पैसा पणाला लावणे आहे. शिवाय समुपदेशक, निधी, प्रशिक्षण हे सगळ्या शाळांना एकाच दिवशी कधीच पुरत नाही. काही शाळांना आधी मिळते, काहींना नंतर, आणि कुणाला आधी हे बहुतेकदा सोयीने किंवा शब्दाला असलेल्या वजनाने ठरते. त्याऐवजी ते सोडतीने ठरवले आणि दुसऱ्या निम्म्या शाळांना पुढच्या सत्रात उपक्रम देण्याचे लेखी आश्वासन दिले, तर कुणीही वंचित राहत नाही. प्रतीक्षेतला गट हाच तुलनेचा गट होतो. ज्या मुलात तीव्र त्रासाची चिन्हे दिसतील त्याला गट न पाहता तात्काळ मदत मिळावी, हा नियम अर्थातच सोडतीच्या वर राहील, आणि प्रत्येक मोजणीआधी पालकांची संमती घेतली जाईल.

दुसरा आक्षेप संख्येचा. २०११ च्या जनगणनेनुसार दोन्ही तालुके मिळून लोकसंख्या दोन लाखांच्या आत आहे, शाळा लहान आहेत, पट कमी आहे, मग एवढे गट कुठून आणायचे? इथे अडचण खरी आहे आणि ती अनेकांना वाटते त्यापेक्षा मोठी आहे. नेहमीचे प्रचरण विश्लेषण प्रत्येक मूल स्वतंत्र मानते, पण एकाच वर्गातील मुले एकमेकांसारखी असतात. तेच शिक्षक, तेच गाव, तीच बस. समजा, वर्गात २५ मुले आहेत आणि मुलांच्या गुणांतील एकूण फरकाचा एक दशांश भाग वर्गा-वर्गांतल्या फरकाचा आहे. तर नमुना मोजताना ३.४ ने भागावे लागते आणि ५०० मुलांची माहिती जेमतेम १४७ स्वतंत्र मुलांइतकी उरते. म्हणून एका मोठ्या शाळेत शंभर मुले वाढवण्यापेक्षा चार लहान शाळा वाढवणे हिताचे. लाटंबार्से, मेणकुरे, कोरगाव, चांदेल येथील छोट्या शाळा या कामात अडगळ ठरत नाहीत, त्याच बळ आहेत. विश्लेषणही शाळांच्या सरासरीवर करावे किंवा शाळा हा स्तर लक्षात घेणाऱ्या बहुस्तरीय प्रारूपाने करावे. एवढे करूनही परिणाम अस्पष्ट राहिला तर ‘उपक्रम निष्फळ’ असे न लिहिता ‘एवढ्या शाळांत निर्णय होत नाही’ असे लिहावे. दोहोंत फरक आहे आणि तो धोरण आखणाऱ्याला कळायला हवा.

तिसरा आक्षेप तज्ज्ञांकडून येईल: मिक्स्ड अ‍ॅनोव्हा जुनी झाली, आता मिश्र-परिणाम रेषीय प्रारूपे वापरतात. आक्षेपात तथ्य आहे. ज्या मुलाची एक मोजणी चुकली ते मूल जुन्या पद्धतीत सर्वस्वी गळते, नव्या प्रारूपांत त्याची उरलेली माहिती कामी येते. मोजणी तीन किंवा अधिक वेळा असेल तर कोणत्याही दोन वेळांमधील फरकांचे प्रचरण सारखे असावे अशी जुन्या पद्धतीची अट असते. जॉन मॉक्ली यांनी १९४० मध्ये तिची चाचणी दिली आणि ग्रीनहाउस व गाइसर यांनी १९५९ मध्ये ती मोडल्यास करायची दुरुस्ती दिली. दोनच मोजण्या असतील तर हा प्रश्न उद्भवतच नाही. सोडत नीट झाली असेल तर आधीचे गुण सहचल म्हणून घेणारे सहप्रचरण विश्लेषण अधिक धारदार ठरते. सोडत झालीच नसेल तर त्याच माहितीवर मिक्स्ड अ‍ॅनोव्हा आणि सहप्रचरण विश्लेषण या दोन पद्धती परस्परविरोधी उत्तरे देऊ शकतात, हे फ्रेडरिक लॉर्ड यांनी १९६७ मध्ये दाखवून ठेवले आहे. पण हे सारे वाद विश्लेषणाच्या खोलीतले आहेत. कोणतेही प्रारूप वापरा, त्याला दोन गट आणि उपक्रमाआधीची मोजणी लागतेच. जो विद्यार्थी मिक्स्ड अ‍ॅनोव्हाच्या तीन ओळी समजून वाचू शकतो त्याला पुढची प्रारूपे शिकणे अवघड जात नाही. ज्याने फक्त बटण दाबायला शिकले त्याला नवे सॉफ्टवेअर वाचवणार नाही.

चौथा आक्षेप शिक्षकांचा असेल आणि तो मला सर्वांत आदरणीय वाटतो. मुलाचे मन गुणांत मावत नाही, मग या आकड्यांनी काय कळणार? मावत नाही हे कबूल. समुपदेशकाजवळ एखादी मुलगी पहिल्यांदा मोकळी होते तेव्हा जे घडते ते कुठल्याच प्रश्नावलीत उतरत नाही, आणि उपक्रम का चालला वा का फसला हे जाणून घ्यायला मुलांशी, पालकांशी, शिक्षकांशी बोलण्याला पर्याय नाही. पण ‘उपक्रमाने चिंता कमी झाली’ हे विधान आकड्यांचे आहे. ते अहवालात लिहायचे, त्याच्या जोरावर पुढच्या वर्षाचा निधी मागायचा, आणि तपासाची वेळ आली की मन मोजता येत नाही म्हणायचे, असे दोन्हीकडून चालणार नाही. मोजण्याला विरोध असेल तर यशाचा दावाही मागे घ्यावा. दावा करायचा असेल तर तो टिकेल असा करावा.

परिणाम टिकतो का, हा प्रश्नही याच रचनेत सुटतो. गोव्यातील नैराश्याच्या चाचणीत तीन महिन्यांना दोन गटांतील सरासरी फरक नैराश्याच्या मोजपट्टीवर साडेसात गुणांचा होता. बारा महिन्यांना तो साडेचारच्या आसपास आला. समुपदेशन घेतलेल्यांची सुधारणा ओसरली नव्हती. दुसरा गट हळूहळू सुधारत जवळ आला होता. एकाच गटाकडे पाहणाऱ्याला यातले काहीच दिसले नसते. शाळांतही उपक्रम संपताच घेतलेल्या मोजणीवर थांबू नये, काही महिन्यांनी तिसरी मोजणी घ्यावी. प्रतीक्षेतल्या शाळांना उपक्रम मिळण्याच्या आत ती झाली तर तुलना शाबूत राहते.

म्हणून आपल्याकडे मागणे थोडके आहे. पेडणे आणि डिचोलीतील भागशिक्षणाधिकाऱ्यांना एक परिपत्रक जावे. मुलांच्या मनाशी किंवा अभ्यासाशी संबंधित कोणताही नवा उपक्रम सुरू होण्याआधी सहभागी शाळांची यादी जाहीर व्हावी, प्रत्येक तालुक्यात सोडतीने पहिला आणि दुसरा टप्पा ठरावा, आणि दोन्ही टप्प्यांतील शाळांत एकाच आठवड्यात पहिली मोजणी व्हावी. प्रश्नावली मुलांना समजणाऱ्या मराठीत किंवा कोकणीत असावी आणि ती उपक्रम चालवणाऱ्याने तपासू नये. कोणती मोजणी निर्णायक मानायची हे आधीच लिहून ठेवावे. अहवालात दोन्ही गटांच्या सर्व वेळांच्या सरासरी, गळालेल्या मुलांची संख्या आणि गट-काळ आंतरक्रियेचा आकार त्याच्या अनिश्चिततेसह छापावा. निकाल अनुकूल नसला तरी छापावा. विर्नोडा, साखळी आणि डिचोली येथील महाविद्यालयांचे विद्यार्थी मोजणीच्या कामात घेता येतील आणि गोवा विद्यापीठाकडून विश्लेषण तपासून घेता येईल. यासाठी मोठा खर्च नाही, थोडी आधीची तयारी आणि एका सत्राचा धीर लागतो.

ज्या राज्यातील आरोग्य केंद्रांनी समुपदेशनाचा परिणाम कसा सिद्ध करायचा हे जगाला दाखवले, त्या राज्याच्या शाळांनी ‘आधी इतके, नंतर इतके’ एवढ्यावर समाधान मानू नये. पुढच्या उपक्रमाची फाईल आपल्यापुढे येईल तेव्हा तिच्यावर सही करण्याआधी एवढेच विचारावे: तुलनेच्या शाळा कोणत्या, आणि पहिली मोजणी कधी? या दोन प्रश्नांची उत्तरे फाईलमध्ये नसतील तर ती परत पाठवावी.

कळावे,
आपला नम्र,
मानसशास्त्राचा एक अभ्यासक